सगळ्यांना आठ

४ मार्च

ताई,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग दुसरा कागद घेतला. चार वर्षं तोंड न दाखवलेल्या भावाने ‘प्रिय’ लिहिलं की तू ‘आलं ढोंग’ म्हणणार, म्हणून नुसतं ताई. फोन करत नाही, कारण तू उचलणार नाहीस. आणि उचललासच तर माझी बोबडी वळेल. तुझ्यासमोर ती मी सहा वर्षांचा असल्यापासून वळते, पियानो शिकवताना तूच पेन्सिल घेऊन शेजारी बसायचीस.

एक आनंदाची बातमी आहे, ती सांगायला लिहितोय.

मी हल्ली दर शनिवारी सकाळी एक वर्ग घेतो, कॉम्प्युटरवर संगीत कसं बांधायचं याचा. अकरा जण येतात. त्यांत एक दातांच्या डॉक्टर आहेत, पन्नाशीच्या. तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदाच असल्यामुळे प्रश्न विचारण्यात पटाईत. गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, “सर, बरीच वाद्यं एकत्र लावली असतील, तर पॉलिफनी सगळ्यांना एकदाच ठरवून टाकायची की प्रत्येक प्लगइनला वेगळी?”

तुला या शब्दांचा राग येतो म्हणून सोपं करून सांगतो. प्लगइन म्हणजे तू ज्यांना ‘डब्यातली वाद्यं’ म्हणायचीस ती. सॉफ्टवेअरमध्ये बासरी, व्हायोलिनं, पियानो असे सगळे आपापली खिडकी उघडून बसलेले असतात. प्रत्येकाच्या खिडकीत एक बारीक आकडा असतो. या वाद्याने एका वेळी जास्तीत जास्त किती स्वर वाजवायचे, तो. त्याला म्हणायचं पॉलिफनी. आठ लिहिलं तर आठच. नववा आला की आधीपासून वाजणारा सगळ्यांत जुना स्वर गप्प केला जातो आणि नव्याला जागा मिळते. आकडा मोठा ठेवला तर आवाज मोकळा लागतो, पण कॉम्प्युटरला धाप लागते.

मी म्हटलं, “प्रत्येकाला वेगळी. बासरीला एक पुरे, तिला दोन सूर एकदम काढता येत नाहीत. बेस गिटारलाही एक. व्हायोलिनांच्या ताफ्याला बारा-सोळा. पण पियानोच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही. चौसष्ट तरी द्या. पेडल दाबलेलं असलं की बोट उचललं तरी जुना स्वर घुमत राहतो, आणि असे स्वर साठत जातात.” वीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, “माझ्या ओळखीच्या एका माणसाने घाईघाईत सगळ्यांना आठ लावले होते. सब घोडे बारा टक्के!” वर्ग हसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मग पियानोवाल्याची चांगलीच पंचाईत झाली असेल.”

झाली होती, ताई. घरी येऊन मी, चार वर्षांपूर्वी तू जिच्यासाठी पियानो वाजवलास, त्या फिल्मची जुनी फाइल उघडली आणि पाहिलं. अकरा वाद्यं, अकरा खिडक्या, प्रत्येकीत आठ. पियानोतसुद्धा. तू कीबोर्डवर वाजवलंस त्याची नुसती नोंद झाली होती, आवाज काढायचा तो या डब्यातल्या पियानोने.

तुझा डावा हात सुटत नव्हता. तू खालचे स्वर अगदी शेवटपर्यंत धरले होतेस. पण उजवा हात वर पळायला लागला की नववा स्वर यायचा आणि सर्वांत जुना कापला जायचा. तुझ्या वाजवण्यात सर्वांत जुना स्वर नेहमी डाव्या हाताचा असतो. आधी खालचा स्वर ठेवायचा आणि मग त्याच्यावर घर बांधायचं, हे तूच मला शिकवलंस. म्हणून दर वेळी डावाच मेला. ऐकणाऱ्याला वाटलं, बोट उचललं गेलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तुला हे ऐकू आलं नाही, कारण तेव्हा एकटा पियानोच लावलेला होता आणि त्याचा आकडा मोठा होता. बाकीची दहा वाद्यं नंतर आली. मग कॉम्प्युटर तडतड करू लागला, म्हणून दिग्दर्शकांना ऐकवायच्या दिवशी सकाळी मी सगळे आकडे खाली आणले.

तुझा हात ठीक होता. हे मला परवाच कळलं आणि कळल्यावर राहवेना. पियानोवरची चादर काढ आणि वाजव. मनापासून सांगतो, वाजव.

तुझा ठोंब्या

१३ मार्च

ताई,

नऊ दिवस झाले. पोस्टमनची वाट बघणं मी लहानपणीच सोडलं होतं, ते पुन्हा सुरू झालंय. आज जिन्यात त्याला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, पत्र असलं की मी देतोच की.” खालच्या मजल्यावरच्या आजी हसल्या.

तू उत्तर का दिलं नाहीस हे मला माहीत आहे. माझ्या पत्रात कुठे खोट असते ते तुला वास घेऊन कळतं. ‘परवाच कळलं’ हे खोटं होतं.

मला त्याच दिवशी कळलं होतं. तू माझ्या खोलीतच होतीस.

आठवतं ना, तिसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतींना करड्या स्पंजच्या लाद्या. हातांची एकच खुर्ची होती, तीत दिग्दर्शक बसले होते. तू मागच्या बाकावर, पर्स मांडीवर धरून. आजारानंतरचं तुझं पहिलं काम. अर्धांगाचा झटका सौम्य होता म्हणून सगळे सोडून देत होते, तू सोडलं नव्हतंस. आठ महिने बशीतली शर्टाची बटणं डाव्या हाताने एकेक करून दुसऱ्या बशीत टाकलीस. भाऊजी सांगायचे, आमच्याकडे आता शर्ट कमी आणि बटणं जास्त झालीत.

धून सुरू झाली. दुसऱ्या ओळीला खालचा स्वर मध्येच तुटला. मग चौथ्या ओळीला. मग सगळीकडेच. दिग्दर्शकांनी हात वर केला. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी हळूच विचारलं, “ताई, डावा हात मध्येच सुटतोय का?”

तू म्हणालीस, “मी धरला होता हो.” मग स्वतःच म्हणालीस, “डॉक्टर म्हणाले होते, हाताने धरलंय की सोडलंय ते सुरुवातीला नीट कळणार नाही.”

तेवढ्यात दिग्दर्शकांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. मी पडद्याकडे वळलो. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक स्वर एका आडव्या पट्टीसारखा दिसतो, बोट जितका वेळ खाली तितकी पट्टी लांब. तुझ्या डाव्या हाताच्या पट्ट्या लांबच लांब होत्या, ताई. एकही तुटलेली नव्हती. मी पियानोची खिडकी उघडली. आठ. तो आकडा बदलून धून पुन्हा लावायला मला पाच सेकंद लागली असती.

मी खिडकी बंद केली.

का, ते सांगतो. सबब म्हणून नाही. त्याच्या महिनाभर आधी मी गायिकेचं अख्ख्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसून बसलो होतो, नव्या फाइलला जुनंच नाव देऊन. दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाले होते, “आणखी एक घोळ, की मी दुसरा माणूस बघणार.” मी तेव्हा कानाला खडा लावला होता. आणि महिन्याभरात हा दुसरा घोळ. ते दारात परत आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मला वाटलं, आत्ता गप्प बसू, संध्याकाळी ताईला फोन करून सांगू.

आणि मग तू विचारलंस. दिग्दर्शकांना नाही, मला. “ठोंब्या, तुला कान आहे. खरं सांग, सुटतोय?”

मी म्हणालो, “थोडासा. होतं असं.”

“सुटतोच असेल,” तू म्हणालीस. “तुझ्या यंत्राला खोटं बोलायचं काय कारण?”

दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा एकदा करून बघू. तू नको म्हणालीस. दाराशी जाऊन चप्पल घालायला लागलीस आणि पट्टा तुझ्या हाताने लागेना. येताना तूच लावला होतास. मी खाली बसलो आणि तुझ्या चपलेचा पट्टा लावून दिला. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “वाईट वाटून घेऊ नकोस हं, तू मला बोलावलंस हेच खूप.”

तुला रिक्षात बसवून मी वर आलो. संध्याकाळी फोन केला नाही.

हे सगळं लिहिताना माझे कान तापलेत. पहिल्या पत्रात मी हेच तुला वर ‘आनंदाची बातमी’ म्हणून विकलं. निर्लज्जपणाला काही मर्यादा असते, ती मी ओलांडली.

तुझा ठोंब्या

२१ मार्च

ताई,

भाऊजींचा निरोप मिळाला. शब्दशः असा: ‘पत्रं पोचली. ती वाचते आहे. अजून काही उरलं असेल तर तेही लिही म्हणते.’

तू मला आतून बाहेरून ओळखतेस. उरलंय.

तुला वाटतं त्या फिल्ममध्ये मी वाजवलंय. नावांच्या यादीतही तसंच आहे, ‘पियानो आणि संगीतरचना’ आणि पुढे माझं नाव. तू गेल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, “आता कोण?” मी म्हटलं, “मी वाजवतो, दोन दिवस द्या.” त्या दिवशी मला खरंच वाजवायचं होतं. बसलोही. दोन दिवसांत सत्तर वेळा वाजवलं असेन. स्वर तेच, लय तीच, पण तू खालचा स्वर ठेवून जी वाट बघतेस ती मला येत नाही. मी घाई करतो. तू लहानपणी म्हणायचीस ना, याला गाडी गाठायची आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी फाइल उघडली. बासरीला एक केला, बेसला एक, व्हायोलिनांना सोळा, घंटेला सहा, बाकीच्यांना ज्याला त्याला लागेल तेवढा. जुन्या कॉम्प्युटरला हायसं वाटलं, कारण आठ-आठ उगाच अडवून बसलेले मोकळे झाले. पियानोला चौसष्ट दिले. धून लावली.

तुला कसं सांगू? पहिला स्वर खाली बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्यावर बाकी सगळं उभं राहिलं. मी बाकावर जाऊन बसलो, तू बसली होतीस तिथे, आणि रडलो. मग तोंड धुतलं आणि दिग्दर्शकांना फोन केला. म्हणालो, “झालं माझं. येऊन ऐका.”

ते ऐकून उठून उभे राहिले. म्हणाले, “हा हात कुठे लपवून ठेवला होता?” मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

त्यांच्या एका वाक्यावर माझी पुढची चार वर्षं निघाली. कामं आली. वर्ग सुरू झाला तो त्या धुनेच्या नावावर. वर्गात एक अख्खा शनिवार मी ‘डावा हात’ या विषयावर बोलतो. लोक वहीत लिहून घेतात.

आणि तुझा फोन. फिल्म बघून आलीस आणि लगेच केलास, मागे भाऊजी दार उघडत होते ते ऐकू येत होतं. म्हणालीस, “मेल्या, कधी पिकलास इतका? असं थांबायला कुठे शिकलास?” मी म्हणालो, “तुझ्याकडेच.” तू हसलीस. म्हणालीस, “चला, घरातला एक हात तरी राहिला.” स्वतःचंच वाजवणं ऐकून तू माझं कौतुक करत होतीस, आणि मी ते दोन्ही हातांनी घेत होतो.

त्यानंतर तुझ्याकडे येणं जमलं नाही. भाचीच्या लग्नाला ताप आल्याचं कळवलं, तोही खोटा. भाऊजींनी आधीच सांगितलं होतं, हॉलमध्ये पियानो आहे, तुझी ताई सगळ्यांना सांगत सुटलीय की भाऊ ती धून वाजवणार. मी काय वाजवणार होतो? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर मांडवातली लख्ख दुपार होती. मामा आला नाही म्हणून भाची रडली हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तू मग फोन करणं थांबवलंस. बरोबरच केलंस.

आता एवढंच. काही उरलं नाही.

एक मागणं आहे. हे आपल्या आपल्यातच राहू दे. तुला कळलं, मला कळलं, झालं. बाहेर सांगून तुला काही परत मिळणार नाही आणि माझं मात्र सगळं जाईल. वर्गातले अकरा जण, दिग्दर्शकांचं नवं काम. तू मोठी आहेस, मन मोठं कर.

तुझा ठोंब्या

२ एप्रिल

ताई,

परवा भाऊजींचा फोन आला. त्यांनी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. म्हणाले, “ती तुझी पत्रं मला वाचून दाखवते. तिसऱ्यातलं शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या आवाजात, दुसऱ्यांदा तिच्या.” मग म्हणाले, “दुसऱ्यांदा ऐकायला फार वाईट वाटलं रे.” आणि ठेवला.

मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. तू मोठी आहेस, मन मोठं कर. तोंडात शेण घातल्यासारखं झालं.

काल सकाळी दिग्दर्शकांच्या ऑफिसात गेलो. ते फलकावर नव्या फिल्मच्या चिठ्ठ्या डकवत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आठ, चौसष्ट, तुझ्या पट्ट्या, माझं नाव. सांगताना माझ्या शर्टाची पाठ भिजली.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हाकलतात. ते म्हणाले, “बहिणीची तब्येत कशी आहे आता?”

मी म्हटलं, “सर, तब्येतीचा प्रश्न नाही. ते वाजवणं तिचं आहे.”

“समजलं मला,” ते म्हणाले. “आजारी माणसाला उभारी द्यावीशी वाटते. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मीही तिला काय काय सांगायचो. पण त्यासाठी नावं बदलायची नसतात. त्या दिवशी मी तिथेच होतो ना? मी माझ्या कानांनी ऐकलं, हात सुटत होता.”

मी लॅपटॉप उघडला. फाइल दाखवली, पट्ट्या दाखवल्या. ते म्हणाले, “या पट्ट्या माऊसनेसुद्धा काढता येतात. तुम्हीच मला शिकवलंत.” खरं आहे. मीच शिकवलं. शिवाय फाइलवर तारीख मी शेवटची ती सेव्ह केली तेव्हाची आहे, आणि नाव माझं.

ताई, मी चार वर्षं खोटं बोललो ते सगळ्यांनी एका दमात गिळलं. पहिल्यांदा खरं बोललो तर माणूस माझी समजूत काढायला लागला. मला चहा पाजला त्यांनी.

पण निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “असं करू. त्यांना घेऊन या. इथे पियानो आहे. त्यांना ती धून एकदा वाजवू दे. तसा डावा हात ऐकू आला, तर मी नाव बदलतो, नवी प्रत काढतो, आणि जिथे जिथे फिल्म दाखवली तिथे पत्र पाठवतो. माझा शब्द.”

ये ना, ताई. एकदाच. मी घ्यायला येतो, दाराबाहेर उभा राहीन, आत ये म्हणू नकोस. तू फक्त बसायचं आणि वाजवायचं. चार ओळींत त्यांना कळेल. मग माझं काय व्हायचं ते होवो. तुझा हात तुझा आहे हे सगळ्यांना कळू दे.

तुझा ठोंब्या

१९ एप्रिल

ठोंब्या,

चारही पत्रं आहेत माझ्यापुढे. तुझी ओळ अजून वर चढते. कागद तिरका धरतोस.

पहिलं पत्र वाचून मी रडले. आनंदाने. तुझ्या भाऊजींना वाटलं कुणी गेलं. माझा हात चांगला होता, चांगला होता, असं मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणत होते. दुसऱ्या पत्राने ते थांबलं. मग तिसरं आलं. तू चोरी केलीस त्याचा राग आला, पण तो मला झेपला. तू लहानपणीही माझे खडू चोरायचास. नाही झेपलं ते वेगळंच. मी त्या फोनवर म्हणाले होते, घरातला एक हात तरी राहिला. तेव्हा तुला कसं गप्प बसवलं रे?

चौथं पत्र आलं त्या दिवशी मी चादर काढली. म्हटलं, जाऊ. बसू त्या माणसासमोर आणि दाखवू. रोज सकाळी दोन-दोन तास बसले, काल दोन आठवडे झाले. काय झालं ते लिहिते.

उजवा हात गंजलाय, पण येतोय. डावा येत नाही. अंगठा आणि करंगळी लांब ताणली की मधली बोटं आपोआप मिटतात. खालचा स्वर धरते, आणि दुसऱ्या मात्रेला बोट सुटलेलं असतं. मला कळतही नाही, तुझे भाऊजी बघून सांगतात. इथे तुझा आठ नाही की चौसष्ट नाही. लाकडाचा पियानो आहे.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुनी कागदपत्रं काढली. म्हणाले, तेव्हा तर तुमचा हात उत्तम सुधारला होता, फक्त रोज वापरत राहायला सांगितलं होतं. मध्येच का सोडलंत? मी म्हटलं, हात गेला असं वाटलं. त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं? मी तुझं नाव सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मलाच माहीत नाही. आता व्यायामाने थोडंफार येईल म्हणाले, चमचा, वेणी, कपडे वाळत घालणं. तसं वाजवणं येणार नाही.

तेव्हा माझा हात सुटत नव्हता. आता सुटतो. तू सांगितलंस ते मीच चार वर्षं बसून खरं केलं.

म्हणून मी येणार नाही. त्या माणसासमोर बसून वाजवलं, तर तो मान हलवून म्हणेल, बघा, भावाने मायेपोटी गोष्ट रचली. माझ्याच हाताने मी खोटी पडेन, आणि तू त्याच्या नजरेत आणखी भला ठरशील. तेवढं मला सोसायचं नाही.

आपल्यातच राहू दे म्हणालास. राहणार नाही. एकदा सांगून कुणाला पटलं नाही म्हणून चहा पिऊन परत आलास, तेही चालणार नाही. दिग्दर्शकांना परत सांग. वर्गात सांग, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांग, ज्यांनी वहीत लिहून घेतलंय त्या प्रत्येकाला खोडायला लाव. माझ्या मुलीला स्वतः जाऊन सांग, मामा लग्नाला का आला नाही ते. कुणी हसेल, कुणी तुझी समजूत काढेल, कुणी काम काढून घेईल. पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांग.

माफीचं विचारलं नाहीस, बरं केलंस. मीही त्याचा विचार केलेला नाही.

मला वाजवता येत होतं. ते आता मला दाखवता येत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे असा तुझ्याशिवाय कुणी नाही.

ताई